शून्याची खूण

चष्म्याच्या दुकानात पाटोळ्यांनी पडद्यावर डोळ्याचे चित्र उघडले, तेव्हा शालिनी ढमढेरे यांना ते आत्ताच काढलेले वाटले. बुबुळाच्या कडेचा तपकिरी ठिपकासुद्धा जागच्या जागी होता.

"हा तुमचा डावा डोळा, चौदा वर्षांपूर्वीचा," पाटोळे म्हणाले. "आणि हा शेजारचा आजचा. नंबर वाढलाय, पण तिरपेपणा तेव्हाही होता. जवळचं बारीक काही बघताना कड पुसट दिसत असणार. सप्टेंबरात तपासून गेलात, चष्मा सांगितलात आणि न्यायला आलाच नाहीत."

"तुम्ही हे अजून ठेवलंय?"

"टाकायचं कशाला? ठेवायला काय लागतं?" पाटोळ्यांनी काउंटरखालच्या स्टीलच्या किटलीवर टिचकी मारली. गुरांच्या दवाखान्यात असते तशी गुडघ्याएवढी, जाड भिंतींची नायट्रोजनची किटली होती ती. "सोमवारी गाडी येते, नायट्रोजन भरून जाते. वडिलांच्या वेळची कागदावरची गिऱ्हाइकंपण चढवली मी यात."

किटलीच्या गळ्याशी पत्र्याची छोटी पट्टी होती. तिच्यावर काय कोरले आहे हे शालिनीबाईंना न वाचताही ठाऊक होते. 'शीतकोष. मुळूक कोन ११°.' अशी पट्टी तलाठ्याच्या कचेरीत होती, दूध संकलन केंद्रावर होती, त्यांच्या दातांच्या डॉक्टरकडेही होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी माहिती साठवायची म्हणजे यंत्रे तापत, ती थंड ठेवायला कोठारांएवढे पंखे लागत, आणि वीज परवडेना म्हणून लोक जुने पुसून टाकत. शीतकोषात माहितीचा प्रत्येक कण म्हणजे नखाच्या मळापेक्षाही बारीक कड्यात फिरणारा विद्युत्प्रवाह होता. एकदा फिरू लागला की तो फिरतच राही. त्याला अडवणारे काही नव्हते, तापणारे काही नव्हते. परिणामी गेल्या दहा वर्षांत कोल्हापुरात कोणी काहीही पुसले नव्हते.

"मुळूक मॅडम आपल्या इथल्याच," पाटोळे काचा निवडता निवडता म्हणाले. "परवा सत्कार आहे म्हणे. तुम्ही त्यांच्या हाताखाली होता ना?"

"शेजारी," शालिनीबाई म्हणाल्या. "हाताखाली नव्हते. शेजारी होते."

चष्मा या वेळी त्यांनी तिथेच बसून तयार करून घेतला.

शालिनीबाईंना हेवा हा शब्द आवडत नसे. मोजता न येणाऱ्या गोष्टींविषयी बोलणे त्यांना एकूणच आवडत नसे. पण वैजयंती मुळूक यांच्या शोधनिबंधाचा उल्लेख किती ठिकाणी झाला, याचा आकडा त्या दर रविवारी पाहत. नव्या पाठ्यपुस्तकात 'मुळूक कोन' कितव्या पानावर आला, हे त्यांना पाठ होते. त्याच पानावर 'समफिरकी जोडी' असा शब्द होता. तो शालिनीबाईंनी बावीस वर्षांपूर्वी एका मासिकातल्या लेखासाठी घडवला होता. शब्दाखाली कोणाचेही नाव नव्हते. शब्दांना नावे लावायची पद्धत नाही, हे त्यांना मान्य होते. कोनांना लावायची असते.

दोघी एकाच महिन्यात संस्थेत रुजू झाल्या होत्या. एकच प्रयोगशाळा, नमुन्यांवर धातूचे पातळ थर द्यायचे एकच निर्वात पात्र, एकाच किटलीतला चहा. नमुने शालिनीबाई बनवत, मोजमाप वैजयंती करी. संस्थेत त्यांना 'जोडी' म्हणत. जोडी फुटली ती शेचाळीस-ब या नमुन्यावरून.

तुलनेसाठी केलेल्या, म्हणजे थर एकमेकांपासून न वळवायच्या त्या नमुन्यात अतिप्रवाह, अडथळ्याशिवाय वाहणारा प्रवाह, आढळला तेव्हा शालिनीबाईंनी शुक्रवारच्या बैठकीत सर्वांसमोर सांगितले होते, "हा प्रवाह चुंबकातून गेलेला नाही. चुंबकाच्या थराला बारीक भोक पडलंय, त्या भोकातून गेलाय. पहिला थर दिल्यावर नमुना तीन दिवस पात्रात पडून होता. त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही. वैजू, निबंध लिही खुशाल. पण भोकावर माझं नाव नको."

सगळे हसले होते. वैजयंतीही हसली होती, जरा उशिरा. पुढे सव्वा वर्षाने निबंध एकट्या मुळुकांच्या नावाने प्रसिद्ध झाला, जगातल्या सहा प्रयोगशाळांनी प्रयोग करून पाहिला, आणि सहाही ठिकाणी भोक नव्हते.

सत्कारात जुन्या सहकाऱ्यांच्या वतीने पाच मिनिटे बोलावे, असे निमंत्रण आले तेव्हा संस्थेतल्या लोकांना वाटले होते की ढमढेरे मॅडम नकार देतील. त्यांनी उलट टपाली होकार कळवला. त्यामागे एक क्रियापद होते. प्रत्येक मुलाखतीत वैजयंती सांगे, "सगळे नव्वद अंशांना शोधत होते. मी अकरा अंश निवडले." शालिनीबाई त्या 'निवडले'पाशी दर वेळी अडत. माणूस दहा निवडतो, पंधरा निवडतो. अकरा कोणी निवडत नाही. अकरा हा सापडणारा आकडा आहे.

आणि कुठे सापडला असेल, याविषयी त्यांचा तर्क पक्का होता. शेचाळीस-बचा पहिला थर अष्टमीला दिला होता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कोल्हापुरात त्या दिवशी लेथपासून लाटण्यापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, आणि संस्थेची प्रयोगशाळा त्याला अपवाद नव्हती. शालिनीबाई दर वर्षी तेवढा वेळ बाहेर ओसरीत उभ्या राहत. निर्वात पात्राला झेंडूची माळ, पंपाला हळदकुंकू, हा प्रकार त्यांना बघवत नसे. त्या धांदलीत नमुना फिरवून थराची दिशा ठरवायच्या चकतीला कोणाचा तरी हात लागला असणार. चकती अकरा अंश सरकली असणार. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर दोघींपैकी कोणी तरी, कोणी ते आता त्यांना आठवत नव्हते, तशाच सरकलेल्या चकतीवर दुसरा थर दिला असणार. म्हणजे ज्याला जग मुळूक कोन म्हणते, तो कुंकू लावताना बसलेला धक्का होता.

हे पाच मिनिटांत सांगता आले असते. पुरावा हवा होता.

संस्थेचा शीतकोष मागच्या आवारातल्या जुन्या पंपघरात होता आणि रशीद मुजावर त्याची देखभाल करत. मुजावरमामा संस्थेचे जुने मेकॅनिक. ती चकतीही त्यांनीच उद्यमनगरातून कातून आणली होती. निवृत्तीनंतर संस्थेने त्यांना पुन्हा बोलावून घेतले होते, कारण किटल्यांच्या झडपा त्यांच्याशिवाय कोणाचे ऐकत नसत.

"काय मॅडम, आज इकडं वाट वाकडी केलासा?" त्यांनी स्टूल पुसून पुढे केले. "बसा की. परवा भाषण हाय म्हणं तुमचं."

"त्यासाठीच आले. मामा, चौदा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातल्या कच्च्या नोंदी हव्यात. निर्वात पात्राच्या."

"असतील की. गेल्या साली सगळ्या जुन्या डिस्का आत ढकलल्या. कुणी बघत न्हाई, पर पुसायचं न्हाई असं वरून हाय." ते पडद्याकडे वळले. नोंदी वर यायला थोडा अवकाश होता. "एक विचारू का? इतकी वर्सं ह्या किटल्या भरतोय. त्या चकतीनं नक्की काय झालं, ते मला कुणी नीट सांगितलंच न्हाई."

शालिनीबाईंनी क्षणभर विचार केला. मग टेबलावरचे दोन नट उचलले.

"साध्या तारेत इलेक्ट्रॉन एकेकटे जातात, धडकतात, म्हणून तार तापते. अतिसंवाहकात ते जोडीनं जातात आणि धडकत नाहीत. प्रत्येकाला एक फिरकी असते. नेहमीच्या जोडीत एकाची वर, दुसऱ्याची खाली."

"नवराबायकोगत."

"म्हणा. आता चुंबकाच्या धातूत सगळी चलती वरच्या फिरकीची. अशी जोडी आत शिरली की चुंबक एकाला ओढतो, दुसऱ्याला ढकलतो. दहा-वीस अणूंच्या अंतरात जोडी मोडते." त्यांनी दोन नट वेगळे केले. "पण दारातच चुंबकाचा आणखी एक पातळ थर दिला आणि त्याची दिशा मुख्य थरापेक्षा थोडी वळवली, तर त्या वळणावर काही जोड्यांमधल्या दोघांचीही फिरकी एकाच बाजूला होते. मग चुंबकाची तक्रार उरत नाही. ती जोडी न मोडता लांबवर जाते. तिला मी समफिरकी जोडी म्हणते."

"आन् थोडी वळवली म्हंजे किती?"

"पुस्तकाप्रमाणे नव्वद अंशांना सर्वांत जास्त परिणाम मिळायला हवा."

"आन् मिळाला अकराला."

"या विशिष्ट थरांमध्ये, नायट्रोजनच्या तापमानाला, हो. का, ते अजून कोणालाही धड सांगता आलेलं नाही."

"म्हंजे फिरकीनंच पुस्तकाची फिरकी घेतली की वो," मुजावरमामा म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पडदा त्यांच्याकडे वळवला.

चकतीच्या दांड्याला एक गणक जोडलेला होता. तो एका पूर्ण फेरीचे चार हजार शहाण्णव भाग मोजी आणि दर सेकंदाला आकडा लिहून ठेवी. त्याला अंश कळत नसत, शून्य कळत नसे. चकती किती हलली एवढेच कळे. म्हणून त्या काळी या नोंदींकडे कोणी पाहत नसे. शून्य डोळ्यांनी लावायचे असे. चकतीवर रेघा होत्या, पण आकडे कोरायचे राहून गेले ते राहूनच गेले होते. शून्याच्या रेघेवर वैजयंतीने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

अष्टमी, सायंकाळचे पाच. पहिला थर. आकडा: २२१०. रात्रभर तोच.

नवमी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. आकडा हलला. शालिनीबाई पुढे झुकल्या. दोन हजार चारशे, दोन हजार पाचशे, मागे, पुढे, आणि मग स्थिर. २६३४.

"ही पूजा," त्या म्हणाल्या.

"पूजा न्हाई, त्याच्या आदी. मी चकती पुसली ब्रासोनं. लखलखीत केली हुती."

त्यांनी कागदावर वजाबाकी केली. चारशे चोवीस भाग. सव्वासदतीस अंश. त्यांनी पुन्हा केली. सदतीसच. अकराचा पत्ता नव्हता. चौदा वर्षे जपलेला तर्क स्वतःच्याच हस्ताक्षरात खोटा ठरत होता. तरीही त्या पुढे वाचत गेल्या, कारण अर्धवट वाचलेल्या नोंदींवर मत बनवणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर नावे ठेवली होती.

दशमी. आकडा स्थिर. एकादशी, सकाळचे दहा वाजून बारा मिनिटे. आकडा पुन्हा हलू लागला आणि या वेळी कोणी तरी तो हेतुपूर्वक हलवत होते. तो उतरत गेला आणि थांबला २३३५वर. त्यानंतर दोन मिनिटांनी दुसरा थर सुरू झाला.

२३३५ वजा २२१०. एकशे पंचवीस. गुणिले तीनशे साठ, भागिले चार हजार शहाण्णव. दहा पूर्णांक नव्व्याण्णव शतांश.

म्हणजे निवडले होते. कोणी तरी चकतीपाशी उभे राहून, विचार करून, अकरा अंशांवर आणून ठेवली होती. अपघात असता तर तो सोसता आला असता. वैजयंतीला ते खरोखरच सुचले होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्याला सुचले नव्हते, ही शक्यता शालिनीबाईंनी इतकी वर्षे कधी हिशेबातच धरली नव्हती.

मग त्यांचे लक्ष आकडे कसे उतरले तिकडे गेले.

२६३४वरून सावकाश २३३५पर्यंत. तिथे न थांबता पुढे, २३००पर्यंत. तिथे तीन सेकंद विसावा. मग उलट, हळूहळू वर, २३३५. चकतीच्या दात्यांमध्ये थोडा ढिलेपणा होता. तो मोजात येऊ नये म्हणून खुणेच्या पलीकडे जायचे आणि नेहमी एकाच बाजूने खुणेवर यायचे, अशी एक काटेकोर सवय असते. वैजयंतीला ती नव्हती. ती चकती गर्रकन फिरवी आणि खुणेपाशी अडवी. त्यावरून दोघींचे नेहमी वाजे. संस्थेत ती सवय एकाच व्यक्तीला होती.

शालिनीबाईंनी तो भाग पुन्हा पाहिला. तीन सेकंदांचा विसावासुद्धा त्यांचाच होता. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणात ऐकावा तसा त्यांना स्वतःचा हात त्या आकड्यांत दिसत होता.

"मामा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशीची नोंदवही?"

वहीचे पान पडद्यावर आले. अक्षर टपोरे, तिरके नसलेले. 'एकादशी. सुट्टीत चकती हललेली आढळली. लाल खुणेवर आणून शून्य केली. दुसरा थर. कोन: शून्य. शा. ढ.'

"पण मी शून्यावरच आणली होती," त्या जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या. "लाल खुणेवर."

मुजावरमामांनी स्वतःच्या जुन्या फोनमधली छायाचित्रे उघडली. तीही अर्थातच कोणी पुसली नव्हती. खंडेनवमीचा फोटो. पंपापुढे फोडलेला नारळ, हसणारी वैजयंती, हातात कुंकवाचा करंडा. पात्रावरून ओघळलेली झेंडूची माळ थेट चकतीवर आली होती. एका फुलाखाली नेलपॉलिशचा ठिपका अर्धा दिसत होता. त्याच्यापासून बोटभर अंतरावर, एका रेघेवर, कुंकवाचा ठिपका होता.

"माळ मी पौर्णिमेला काढली," मामा हळूच म्हणाले. "तुम्ही एकादशीला आलासा तवा ती तिथंच हुती."

शालिनीबाईंना आठवले. माळ होती. बाजूला सारायला हवी होती. पण त्या प्रकाराला आपण हात लावणार नाही, असे त्यांनी ठरवले होते. म्हणून त्या माळेला न शिवता, वाकून, जी लाल खूण दिसली तिच्यावर चकती आणली होती. अतिशय काळजीपूर्वक. एकाच बाजूने. ठिपक्याची कड पुसट वाटली होती. चष्मा न्यायचा राहिला होता.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला कुंकवाचं म्हाईत हुतं. अंशाचं न्हाई." मामांनी फोन खिशात टाकला. "पुढच्या साली आषाढात वैजू मॅडम मला म्हणाल्या, मामा, ही चकती परत पुसू नका. मी म्हटलं, का वो? म्हणाल्या, असू दे. तवापासून न्हाई पुसली."

सत्कार दुपारी चारला होता. व्यासपीठामागच्या खोलीत वैजयंती मुळूक एकटीच बसली होती. नव्या पैठणीचा काठ तिला टोचत असावा, कारण ती पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होती. शालिनीबाईंना पाहताच ती उठली.

"शालू! आलीस तर. मला वाटलं, ऐन वेळी सर्दी होईल तुला."

"सर्दी नाही झाली. चष्मा केला." शालिनीबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. "मामांना चकती पुसू नका म्हणाली होतीस."

वैजयंतीचा हात पदरावर थांबला. बाहेर कोणी तरी ध्वनिक्षेपक तपासत होते. एक, दोन, तीन.

"तीस नमुने केले मी शून्याला," ती शेवटी म्हणाली. "तुझी वही समोर उघडी ठेवून. आठ महिने. एकही लागला नाही. सगळ्यावर संशय घेतला मी. पंपावर घेतला, तांब्यावर घेतला, स्वतःच्या हातावर घेतला. तुझ्या वहीवर घेतला नाही. ढमढेऱ्यांच्या वहीत शून्य लिहिलंय म्हणजे शून्य. मग एक दिवस दांड्याला तेल घालताना रेघेच्या खाचेत लाल काही तरी दिसलं. नखानं कोरलं, वास घेतला. कुंकू. मोजलं तर अकरा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू भोकावर नाव नको म्हणाली होतीस. सगळ्यांसमोर."

"ते त्याच्या आठ महिने आधी."

"हो." वैजयंतीने मान हलवली. "खरं सांगू? हेवा वाटला मला. तीन वर्षं मी नव्वद अंशांत डोकं फोडत होते. तू एक चूक केलीस आणि ते तुझ्या हातून झालं. बरोबर असतानाही तुझंच बरोबर, चुकतेस तेव्हाही तुझंच बरोबर. म्हटलं, एवढं एक मला असू दे."

शालिनीबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. हेवा ही आपली एकटीची खोली आहे, असे त्यांना चौदा वर्षे वाटत होते. तिथे आधीपासून दुसरे कोणी बसलेले असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आले नव्हते.

"म्हणून 'निवडले'."

"'सापडले' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कसे? मग तुझी वही दाखवावी लागली असती. ढमढेरे बाईंनी चुकीचा कोन लिहिला म्हणून." ती किंचित हसली. "बघ, असंही सांगता येतं. तुला वाचवलं म्हणून."

"कुठलं खरं?"

"मला विचारू नकोस. दोन्ही खुणा लालच आहेत." दारात स्वयंसेवक येऊन उभा राहिला, तशी ती आवाज खाली आणून म्हणाली, "काय बोलणार आहेस तू?"

"पाच मिनिटं दिलीत," शालिनीबाई म्हणाल्या.

व्यासपीठावर काचेच्या पेटीत ती चकती ठेवली होती. शालिनीबाईंची खुर्ची तिच्या शेजारीच होती. नव्या चष्म्यातून त्यांना दोन्ही ठिपके स्वच्छ दिसले: एक गुळगुळीत, चकचकीत, दुसरा म्हणजे खाचेत अडकलेली विटकरी पूड. त्यांच्यात एकूण अकरा रेघांचे अंतर. इतक्या जवळून ते दोन एकच समजणे कोणालाही शक्य नव्हते. कोणालाही, म्हणजे चष्मा असलेल्या आणि माळ बाजूला सारणाऱ्या माणसाला.

हातात एक कागद होता. जेवणानंतर त्यांनी त्यावर दोन वाक्ये लिहिली होती. आतल्या खोलीतून बाहेर येताना दुसऱ्यात दोन आकडे वाढवले होते. ती नीट बांधलेली होती. पहिले: 'शेचाळीस-ब हा नमुना मी बनवला, आणि त्याचा कोन चुकून अकरा अंश लागला असताना मी वहीत शून्य लिहिला.' दुसरे: 'ती चूक आहे हे ओळखायला आठ महिने, तीस नमुने आणि माझ्याजवळ नव्हती अशी चिकाटी लागली, म्हणून शोध वैजयंतीचा आहे.' दोन्ही वाक्ये खरी होती. एकत्र वाचली तरच खरी होती.

नाव पुकारले गेले. त्या उठल्या, ध्वनिक्षेपकापाशी गेल्या, आणि पहिले वाक्य वाचले.

पहिल्या रांगेतून कोणी तरी मोठ्याने हसले, आश्चर्याने, आनंदाने. आणि टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगांत विद्यार्थी उठून उभे राहिले. कोणी तरी ओरडले, "मग ढमढेरे कोन म्हणा!" त्याला आणखी टाळ्या पडल्या. छायाचित्रकार पेटीकडे धावले, मग शालिनीबाईंकडे वळले. एक उबदार काही तरी त्यांच्या पायांपासून वर चढत होते. चौदा वर्षांत इतके उबदार काही त्यांना लागले नव्हते.

उजव्या बाजूला वैजयंती बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. तिचे डोळे शालिनीबाईंच्या हातातल्या कागदावर होते. त्यावर दोन ओळी आहेत, हे तिला तिथून दिसत असणार.

दुसरे वाक्य वाचायला दहा-बारा सेकंद लागले असते. शालिनीबाईंनी ध्वनिक्षेपकावर हात ठेवला. टाळ्या ओसरल्याशिवाय ऐकू जाणार नाही, हे कारण योग्य होते. त्या थांबल्या.

व्यासपीठाच्या कडेला, फुलांच्या कुंडीमागे, स्टीलची एक किटली उभी होती. सभागृहातला प्रत्येक आवाज आणि प्रत्येक विराम ती टिपून घेत होती, आणि तिच्यातले काही कधीच पुसले जाणार नव्हते. कधी काळी कोणी तरी ही नोंद उघडील, टाळ्या कुठे संपल्या ते पाहील, दुसरे वाक्य कुठे सुरू झाले ते शोधील, आणि मधले सेकंद मोजील.

टाळ्या ओसरू लागल्या होत्या. शालिनीबाई अजून थांबल्या होत्या. त्या मोजणाऱ्याला त्या सेकंदांत कोणाचा हात ओळखू येईल?